हिमगौरी घरी आली

ग्रिम बंधूंनी १८१२ साली जर्मनीत लोककथांचा आपला पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्या ग्रंथाला त्यांनी दिलेले नाव मोठे अर्थपूर्ण होते. ‘मुलांच्या आणि घरच्या गोष्टी’ असा त्या नावाचा अर्थ. गोष्ट ही घरातली वस्तू आहे. दिवेलागणीनंतर वडीलधाऱ्यांनी ती सांगावी आणि मुलांनी हुंकार देत ऐकावी, ही गोष्ट सांगण्याची रीत जगातील सर्व देशांत थोड्याफार फरकाने सारखीच आढळते. हिमगौरी आणि सात बुटक्यांची कथा ग्रिम बंधूंच्या याच खंडात आहे. हिमासारख्या गौर वर्णाची राजकन्या, तिच्या रूपाचा मत्सर करणारी सावत्र आई, खरे तेच सांगणारा आरसा, विषारी सफरचंद आणि रानातील बुटक्यांचे चिमुकले घर, हे सारे मराठी मुलांनाही परके राहिलेले नाही. ‘हिमगौरी’ हे नाव देऊन आपण त्या जर्मन राजकन्येला केव्हाच आपलेसे करून घेतले आहे.

ही घरची गोष्ट १९३७ साली घराबाहेर पडली. अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने यांनी तिच्यावर पूर्ण लांबीचा रंगीत व्यंगपट काढला आणि ती रुपेरी पडद्यावर जाऊन बसली. त्यानंतर ती घरी परतली ती १९९४ साली, एका व्हिडिओ कॅसेटच्या रूपाने. मधली सत्तावन्न वर्षे ती पाहावयाची तर तिकीट काढून चित्रगृहात जावे लागे, आणि तेही चित्रपटाच्या मालकांनी ठरविलेल्या वर्षीच. या दीर्घ वनवासाचे कारण काय, तो संपला कसा, आणि घरी परतलेल्या या पाहुणीचे आपण काय केले, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करण्यासारखा आहे. कारण हा प्रश्न एका चित्रपटापुरता नाही. मुलांनी कोणती गोष्ट, केव्हा आणि कोणाच्या सोबतीने पाहावी, हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा, हा खरा प्रश्न आहे.

अडीच लाखांचे पंधरा लाख

‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’ हा चित्रपट काढण्याचे डिस्ने यांनी ठरविले, तेव्हा व्यंगपट म्हणजे मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवावयाची सात-आठ मिनिटांची गंमत, अशीच लोकांची समजूत होती. हाताने काढलेल्या चित्रांकडे प्रेक्षक तासभराहून अधिक काळ पाहत बसतील, हसतील, एवढेच नव्हे तर रडतीलही, यावर चित्रपटधंद्यातील जाणत्या लोकांचा विश्वास नव्हता. या उपक्रमाला ते ‘डिस्नेचा वेडेपणा’ म्हणत. खर्चाचा मूळ अंदाज अडीच लाख डॉलरांचा होता. चित्रपट पुरा होईपर्यंत तो आकडा पंधरा लाख डॉलरांच्या घरात जाऊन पोहोचला.

एवढा पैसा कोठे गेला, हे समजण्यासाठी व्यंगपट कसा तयार होतो ते थोडक्यात पाहिले पाहिजे. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. चित्रपटाची लांबी ८३ मिनिटे. म्हणजे सुमारे १ लाख २० हजार चौकटी झाल्या. पात्राची प्रत्येक हालचाल आधी पेन्सिलीने कागदावर रेखाटावयाची, मग ती पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावावर शाईने गिरवावयाची, तावाच्या मागील बाजूने रंग भरावयाचे, तो ताव रंगविलेल्या देखाव्यावर ठेवावयाचा आणि त्याचे छायाचित्र घ्यावयाचे. गिरविण्याचे व रंग भरण्याचे काम बहुतांशी तरुण स्त्रिया करीत. हिमगौरीच्या हालचाली खऱ्या वाटाव्यात म्हणून मार्जोरी बेल्चर या तरुण नर्तकीकडून त्या प्रत्यक्ष करवून घेऊन त्यांचे चित्रण करण्यात आले आणि चित्रकारांनी ते समोर ठेवून रेखाटने केली. याखेरीज देखाव्याला खोली यावी म्हणून काचेचे अनेक थर एकावर एक रचून वरून चित्रण करणारा प्रचंड कॅमेरा तयार करण्यात आला होता.

२१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजल्स येथील कार्थे सर्कल चित्रगृहात पहिला खेळ झाला. ज्यांनी वेडेपणा म्हणून हिणविले होते त्यांनीच उभे राहून टाळ्या वाजविल्या. पहिल्याच प्रदर्शनात चित्रपटाने सुमारे ८० लाख डॉलर मिळविले आणि त्या पैशांतून बरबँक येथे डिस्ने कंपनीची नवी वास्तू उभी राहिली. १९३९ साली चित्रपट अकादमीने वॉल्ट डिस्ने यांना एक खास पारितोषिक दिले. त्यात एक मोठी आणि सात चिमुकल्या अशा आठ मूर्ती होत्या आणि त्या डिस्ने यांच्या हाती देण्याचा मान शर्ली टेंपल या बालनटीला मिळाला होता.

ब्रिटनमधील परीक्षण मंडळाला मात्र या चित्रपटातील चेटकीण आणि रानातील भीषण रात्र मुलांना भिवविणारी वाटली. त्यांनी त्याला ‘अ’ वर्गाचे प्रमाणपत्र दिले; म्हणजे सोळा वर्षांखालील मुलांनी तो वडील माणसांच्या सोबतीनेच पाहावयाचा होता. ही अट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे आपल्याला पुन्हा वळावयाचे आहे.

सात वर्षांचे चक्र

दुसऱ्या महायुद्धात युरोपातील बाजारपेठ बंद झाली आणि डिस्ने कंपनी आर्थिक अडचणीत आली. तेव्हा १९४४ साली कंपनीने हिमगौरीचा जुना चित्रपट पुन्हा चित्रगृहांत आणला. तो पूर्वीसारखाच चालला. या अनुभवातून कंपनीच्या ध्यानात एक साधे सत्य आले. मोठ्यांचे चित्रपट जुने होतात, पण मुलांचा चित्रपट जुना होत नाही. कारण दर सहा-सात वर्षांनी मुलेच नवी येतात. जी मुले १९३८ साली आईचे बोट धरून चित्रगृहात गेली होती, ती १९५२ साली स्वतःच्या मुलांना घेऊन जाऊ लागली. १९४४ नंतर १९५२, १९५८, १९६७, १९७५, १९८३, १९८७ आणि १९९३ अशा आठ वेळा हा चित्रपट अमेरिकेत पुनःपुन्हा प्रदर्शित झाला.

दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात तो कोठेही पाहावयास मिळत नसे. कंपनीच्या या धोरणाला लोक ‘डिस्नेची तिजोरी’ म्हणू लागले. या तिजोरीमुळे चित्रपटाचे मोल टिकले, प्रत्येक पुनरागमन हा एक सोहळा झाला, हे नाकारता येणार नाही. पण त्याची दुसरी बाजूही आहे. एखाद्या मुलाचे बालपण दोन प्रदर्शनांच्या मध्येच संपून गेले तर त्या मुलाला हिमगौरी योग्य वयात भेटत नसे. कथेचा आनंद केव्हा घ्यावयाचा हे ना मूल ठरवी, ना त्याचे आईवडील. ते वेळापत्रक कंपनीच्या कचेरीत ठरे.

एका यंत्रावरील खटला

१९७५ साली जपानच्या सोनी कंपनीने ‘बेटामॅक्स’ नावाचे यंत्र बाजारात आणले आणि पुढील वर्षी जेव्हीसी या दुसऱ्या जपानी कंपनीने ‘व्हीएचएस’ पद्धतीचे यंत्र काढले. दूरचित्रवाणीवर चाललेला कार्यक्रम चुंबकीय फितीवर टिपून ठेवून सवडीने पाहण्याची सोय या यंत्रांनी घरोघर करून दिली. आज आपल्याला यात काही नवल वाटत नाही. पण त्या वेळी चित्रपट कंपन्यांना हे आपल्या घरावरचे संकट वाटले. १९७६ साली युनिव्हर्सल आणि डिस्ने या दोन कंपन्यांनी मिळून सोनीविरुद्ध खटला भरला. यंत्र विकणारा हा लेखकांच्या व निर्मात्यांच्या हक्कांच्या भंगाला साहाय्य करतो, असे त्यांचे म्हणणे होते.

हा खटला सात वर्षांहून अधिक काळ चालला. या खटल्यात फ्रेड रॉजर्स या गृहस्थांचीही साक्ष झाली. लहान मुलांसाठी दूरचित्रवाणीवर अत्यंत सौम्य आणि सुसंस्कृत कार्यक्रम करणारे म्हणून अमेरिकेतील घराघरांत ते ओळखले जात. आपला कार्यक्रम लोकांनी टिपून ठेवावा आणि आईवडिलांनी तो मुलांबरोबर आपल्या सोयीच्या वेळी पाहावा, यात आपल्याला काहीच गैर वाटत नाही, अशा आशयाची साक्ष त्यांनी दिली. कार्यक्रम केव्हा पाहावा हे ठरविण्याचे स्वातंत्र्य कुटुंबाला असावे, हा त्यांचा मुद्दा होता. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला आणि निकालपत्रात रॉजर्स यांच्या साक्षीचा उल्लेख केला. घरातील वेळ ही घराच्या मालकीची आहे, हे तत्त्व केवळ एका मताच्या आधिक्याने का होईना, मान्य झाले.

तिजोरीचे दार उघडते

खटल्यात हरलेल्या डिस्ने कंपनीला याच यंत्राने पुढे अपार संपत्ती मिळवून दिली, ही इतिहासाची गंमत म्हणावी लागेल. कंपनीने १९८० पासून काही चित्रपटांच्या कॅसेट काढावयास सुरुवात केली होती, पण आपल्या उत्तमोत्तम व्यंगपटांना हात लावण्यास ती धजत नव्हती. एकदा कॅसेट घरोघर गेली की दर सात वर्षांनी चित्रगृहापुढे रांग कोण लावणार, ही भीती होती. १९८४ मध्ये कंपनीचा कारभार नव्या मंडळींच्या हाती आला आणि धोरण बदलू लागले. १९८५ साली ‘पिनोकिओ’ची कॅसेट निघाली. तिची सुरुवातीची किंमत सुमारे ८० डॉलर होती. म्हणजे ती घरच्यांपेक्षा भाड्याने देणाऱ्या दुकानदारांसाठीच होती. लवकरच ती सुमारे ३० डॉलरांवर आणण्यात आली आणि तेथून चित्र पालटले. लोक कॅसेट भाड्याने न आणता विकत घेऊ लागले. याचे कारण मुलांच्या स्वभावात आहे. मोठा माणूस चित्रपट एकदा पाहतो. मूल तोच चित्रपट शंभर वेळा पाहते.

तरीही हिमगौरी तिजोरीतच होती. कंपनीचा तो पहिला मोठा व्यंगपट, तिच्या वैभवाचा पाया. तो सर्वांत शेवटी बाहेर काढावयाचा, असेच जणू ठरले होते. अखेर २८ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत हिमगौरीची कॅसेट विक्रीस आली. अल्पावधीत तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या. ज्या आजीने १९३८ मध्ये चित्रगृहाच्या अंधारात हिमगौरी पाहिली होती, ती आता आपल्या घरच्या बैठकीत नातवंडांना मांडीवर घेऊन तोच चित्रपट पाहू शकत होती.

पण तिजोरीची सवय एकाएकी जात नाही. काही काळाने कॅसेटची विक्री बंद करण्यात आली. ‘आता घ्या, पुन्हा मिळणार नाही’ हा विक्रीचा मंत्र ठरला. ९ ऑक्टोबर २००१ रोजी चित्रपट डीव्हीडीच्या रूपाने आला आणि ठराविक काळानंतर तोही बाजारातून काढून घेण्यात आला. चित्रगृहातील सात वर्षांचे चक्र आता दुकानाच्या फळीवर फिरू लागले होते. फरक एवढाच की, ज्याने एकदा प्रत विकत घेतली त्याच्या घरातून ती कोणी परत नेऊ शकत नव्हते.

धुळीचे कण

घरी आलेल्या हिमगौरीने आणखी एक देणगी आणली, आणि तिची वाच्यता फारशी होत नाही. जुन्या काळी चित्रपटांच्या फिती सेल्युलोज नायट्रेट या पदार्थाच्या असत. हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही असून तो कालांतराने आपोआप विघटित होतो. प्रथम चित्रे फिकटतात, मग फीत चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी उरते. हिमगौरीची मूळ फीत याच जातीची होती. सुदैवाने तिचे रंग रंगीत फितीवर घेतलेले नव्हते. लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून प्रत्येक चित्र कृष्णधवल फितीवर वेगवेगळे टिपलेले होते. रंगीत फितीतील रंग उडतात. कृष्णधवल नोंदीत रंगच नसतो, त्यामुळे तो उडण्याचा प्रश्न येत नाही. तीन नोंदी पुन्हा एकत्र केल्या की मूळचा रंग मिळविता येतो.

१९९३ च्या प्रदर्शनासाठी आणि त्यापाठोपाठच्या कॅसेटसाठी या फितीचा जीर्णोद्धार करण्यात आला. कोडॅक कंपनीच्या ‘सिनेसाइट’ या शाखेत चित्रपटाच्या सर्व चौकटी एकेक करून संगणकात उतरविण्यात आल्या, त्यांवरील धूळ आणि ओरखडे काढून टाकण्यात आले आणि मग सारा चित्रपट पुन्हा नव्या फितीवर उतरविण्यात आला. अथपासून इतिपर्यंत अशा रीतीने संगणकातून गेलेला हा जगातील पहिला चित्रपट. या धुळीत १९३७ सालची धूळही होती. चित्रण करताना सेल्युलॉइडच्या तावावर बसलेले कण त्या वेळीच फितीवर उमटले होते आणि प्रत्येक प्रेक्षकाने ते पाहिले होते. साफसफाई करणाऱ्यांपुढे म्हणून मोठा नाजूक प्रश्न होता: काय दोष म्हणून काढावयाचे आणि काय मूळचे म्हणून ठेवावयाचे? जुन्या देवळावरील शेवाळ खरवडताना कोरीव काम झिजू नये याची जी दक्षता पुराणवस्तू खात्याचे लोक घेतात, तशीच दक्षता येथे हवी होती.

दूरचित्रवाणीचा त्या काळचा पडदा आणि हिमगौरीची चौकट यांचा आकारही योगायोगाने जवळपास एकच होता. १९५० नंतर चित्रगृहांचे पडदे रुंद झाले. अशा पडद्यावर जुना चित्रपट दाखविताना चित्राचा वरचा व खालचा भाग कापला जाण्याचा धोका असे. घरातील जवळपास चौकोनी पडद्यावर मात्र चित्रकारांनी काढलेले संपूर्ण चित्र दिसले. २००१ च्या डीव्हीडीने यात भर घातली. वॉर्ड किंबॉल या चित्रकाराने बुटक्यांच्या सूप पिण्याचा एक प्रसंग मोठ्या कष्टाने रेखाटला होता. कथेचा वेग मंदावतो म्हणून डिस्ने यांनी तो गाळला. त्याची पेन्सिलीतील चित्रे या डीव्हीडीवर सामान्य कुटुंबांना घरबसल्या पाहावयास मिळाली. पूर्ण झालेले काम, ते उत्तम असूनही, संपूर्ण कलाकृतीच्या हितासाठी बाजूस ठेवण्याचा हा धडा शाळेतील मुलांनाही समजेल असा आहे.

जे उरले नाही

या जतनाचे मोल आपल्याला अधिक जाणवावे, असा इतिहास आपल्या देशाचाही आहे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा एक लघुपट केला. आगकाड्या किंचित हलवावयाच्या, एक चौकट टिपावयाची, पुन्हा हलवावयाच्या, पुन्हा टिपावयाची, अशा चिकाटीने त्यांनी निर्जीव काड्यांना नाचावयास लावले. डिस्नेच्या हिमगौरीच्या बावीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. आज तो लघुपट आपल्याला पाहावयास मिळत नाही. तो जपून ठेवील अशी संस्था तेव्हा देशात नव्हती. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर; तोवर मूकपटांच्या काळातील बहुतेक फिती नष्ट झाल्या होत्या. आणि जे मागे राहिले होते, त्यातही पुण्यात २००३ साली नायट्रेट फितींना लागलेल्या आगीत पुष्कळशी घट झाली.

हिमगौरी वाचली आणि आगकाड्या हरवल्या, यात कलेच्या श्रेष्ठकनिष्ठतेचा संबंध नाही. ज्या चित्रपटाची पुन्हा कोणाला तरी गरज पडणार होती तो सांभाळला गेला. ज्याची गरज संपली असे वाटले तो फडताळात पडून राहिला आणि विरून गेला. चित्रपटाला घरोघर मागणी असणे ही त्याच्या दीर्घायुष्याची एक मोठी हमी असते.

घरातील पाहुणी

आपल्या देशात व्हिडिओचा प्रसार झाला तो १९८२ च्या सुमारास. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ व्हिडिओचे यंत्रही गावोगाव दिसू लागले. ते विकत घेणे फार थोड्यांना परवडे. म्हणून शेजारीपाजारी वर्गणी काढून एका रात्रीपुरते यंत्र भाड्याने आणीत, सतरंज्या अंथरल्या जात आणि पहाटेपर्यंत दोन-तीन चित्रपट पाहून होत. मुंबईच्या चाळीत काय, इंदूर-बडोद्याच्या वाड्यांत काय, हा अनुभव पुष्कळांच्या आठवणीत असेल. त्या रात्री चित्रपट घरी आला होता, पण तो एकट्याने पाहावयाचा नव्हता. म्हातारी माणसे मुलांना समजावून सांगत, भीतीच्या प्रसंगी पदराआड घेत आणि झोप आलेल्यांना उचलून आत नेत.

येथे ब्रिटिश परीक्षण मंडळाच्या त्या अटीची आठवण होते. मुलांनी वडील माणसांच्या सोबतीनेच हा चित्रपट पाहावा, असे त्यांनी म्हटले होते. चित्रगृहाच्या दारावर ही अट पाळली जाई. चित्रपट घरात आल्यावर दारावर कोणी उभे राहिले नाही. अनेक घरांत असे झाले की, मूल किरकिरू लागले की कॅसेट लावावयाची आणि आपण आपल्या कामाला लागावयाचे. आईवर घराचा सारा भार असताना तिने घटकाभर उसंत शोधली तर तिला दोष देता येणार नाही. परंतु दुष्ट राणी चेटकीण होते तो प्रसंग पाहताना पाच वर्षांच्या मुलाला एखादा हात धरावयास हवा असतो. त्या मुलाला पडद्याकडून धीर मिळत नाही. तो शेजारी बसलेल्या माणसाकडूनच मिळतो.

याच्या उलट, जेथे मोठी माणसे जवळ बसतात तेथे घरचा चित्रपट चित्रगृहाहूनही अधिक उपकारक ठरतो. चित्रगृहात प्रश्न विचारण्याची सोय नसते. घरी चित्र थांबविता येते, मागे नेता येते, मुलाच्या शंकेचे निरसन करता येते. आरसा राणीला खरे का सांगतो? शिकाऱ्याने राणीची आज्ञा का मोडली? अनोळखी म्हातारीने दिलेले फळ हिमगौरीने का खाल्ले? या प्रश्नांतून पुढे जे बोलणे होते, त्याला आपण पूर्वी गोष्ट सांगणे म्हणत होतो. तीच गोष्ट मूल पुनःपुन्हा मागते तेव्हा त्याला नवे काही नको असते. पुढे काय होणार हे आधी ठाऊक असल्याचा विसावा त्याला हवा असतो. आजीच्या गोष्टीत एखादे वाक्य बदलले तर मूल तिला लगेच अडविते. कॅसेटमधील गोष्ट बदलत नाही. म्हणून मुलांची तिच्याशी एवढी गट्टी जमते.

किल्ली कोणाकडे?

२०१६ साली फुनाई या जपानी कंपनीने व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबविले आणि कॅसेटचे युग संपले. आपल्या दमट हवेत कॅसेटवर पांढरी बुरशी धरते, फीत यंत्रात अडकते. ज्या घरांत जुन्या कॅसेट अजून असतील तेथे त्या बहुधा माळ्यावर असतील. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने कंपनीने अमेरिकेत महाजालावरून चित्रपट पाहण्याची सेवा सुरू केली आणि हिमगौरीसह जुने व्यंगपट वर्गणीदारांसाठी कायमचे खुले केले. एप्रिल २०२० पासून भारतातही ही सोय झाली. तिजोरीचे दार कायमचे उघडले, असे त्या वेळी वाटले.

परंतु उघड्या दाराचीही एक किल्ली असते आणि ती कोणाकडे आहे हे पाहिले पाहिजे. मे २०२३ मध्ये याच सेवेने आपल्या यादीतील अनेक मालिका व चित्रपट एकाएकी काढून टाकले. वर्गणीदारांना ते काल दिसत होते, आज दिसेनासे झाले. हिमगौरीवर असा प्रसंग आलेला नाही. उलट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिचा पुन्हा एकदा काळजीपूर्वक जीर्णोद्धार करून नवी तबकडी काढण्यात आली. पण जे चित्रपट हिमगौरीइतके भाग्यवान नाहीत, ज्यांची तबकडी कधी निघालीच नाही, त्यांचे काय? भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारण्यापूर्वी मालकाला विचारावे लागते, तसेच हे आहे. वर्गणी भरून आपण पाहण्याची परवानगी घेतो. वस्तू घेत नाही.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने दोन-तीन साध्या गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. मुलांना मनापासून आवडलेल्या मोजक्या चित्रपटांची तबकडी मिळत असेल तर, दहा पुस्तकांच्या शेजारी तीही कपाटात असू द्यावी. पुस्तक आपण नातवंडांसाठी राखतो, त्याच भावनेने हे राखावे. माळ्यावरच्या जुन्या कॅसेट टाकून देण्यापूर्वी पाहाव्यात. त्यांत घरची लग्ने, मुंजी, आजोबांचे बोलणे टिपलेले असेल तर ते जाणत्या माणसाकडून आजच्या साधनांवर उतरवून घ्यावे. फीत दर पावसाळ्यागणिक खराब होत आहे आणि ती चालविणारी यंत्रे दर वर्षी कमी होत आहेत. आपल्या घरच्या चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय आपल्यालाच व्हावे लागते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलांबरोबर बसावे. हिमगौरीचा सारा चित्रपट ८३ मिनिटांचा आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी एवढा वेळ काढणे बहुतेक घरांना अशक्य नसावे. चेटकीण आली की मूल आपला हात शोधील. तो जवळ असला म्हणजे झाले. चित्रपट संपल्यावर लगेच दुसरा लावू नये. मुलाला तीच कथा आपल्या शब्दांत सांगावयास लावावी. त्यात ते एखादा बुटका विसरेल, एखादा आठवा घुसडील, राणीला आपल्या शाळेतल्या कोणाचे तरी नाव देईल. ते ऐकावे आणि अधूनमधून हुंकार द्यावा.